सोरायदा बघायला निघाली

सोरायदा उचुयाच्या पाठीमागे वाळूचा डोंगर होता आणि त्या डोंगरावरून दिवसभर माणसं किंचाळत खाली यायची. कुणी फळीवर पोट टेकून घसरत यायचं, कुणी उघड्या वाळूगाडीत पट्ट्यांनी करकचून बांधलेलं असायचं. किंचाळून घसा सुकला की ती सगळी तळ्याकाठच्या तिच्या हातगाडीपाशी गोळा व्हायची. दातांत वाळू, डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर आत्ताच जन्माला आल्यासारखं हसू. सोरायदा त्यांच्या हातावर एकेक तेखा ठेवायची. आत पेकानची गोडसर बी, तिच्याभोवती आटवलेल्या दुधाचा मऊ गोळा, वरून साखरेचं पांढरं कवच.

"आधी हे तोंडात टाका," ती म्हणायची, "मग पाय लटपटायचे थांबतील."

तिची मुलगी येसेनिया रांगत होती तेव्हापासून सोरायदा वाकाचीनाच्या तळ्याकाठी बसत आली होती. आता येसेनिया लिमाला नोकरी करत होती, नवरा सिप्रियानो देवाघरी गेला होता आणि सोरायदाची साठी उलटून गेली होती. तळ्याकाठचे सगळे तिला सोरामावशी म्हणत. तेखा तर चांगल्या असायच्याच, पण लोक तिच्याकडे थांबायचे ते तिच्या बोलण्यासाठी. ईका शहराच्या आसपास बघण्यासारखं जे काही आहे ते सगळं तिच्या जिभेवर होतं.

"बेटांवर जायचंय? सकाळीच जा. उन्हं चढली की वारा बोटीला नाचवतो. आणि टोपी घाला हो, वरून पक्षी प्रसाद देतात!"

"नास्काच्या वाळवंटात कोरलेल्या रेषा? विमानात बसायच्या आधी काही खाऊ नका. खाल्लंत तर ते परत बघायची तयारी ठेवा."

"संग्रहालयातल्या लांबट कवट्या चुकवू नका. माझ्या सासूबाईंचं डोकं अगदी तस्संच होतं, बाई गेली तेव्हा टोपी म्हणून मापाची मिळेना."

माणसं हसत हसत जायची आणि संध्याकाळी परत येऊन आणखी तेखा घ्यायची. प्रवासी कंपन्यांच्या पोरांनासुद्धा तिच्याइतकं रंगवून सांगता यायचं नाही.

यातलं एकही ठिकाण सोरायदाने पाहिलेलं नव्हतं.

त्यात लपवाछपवी अशी काही नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं. तिचे वडील याच तळ्यावर नावाडी होते. त्यांचं सगळं आयुष्य या काठावरून त्या काठावर गेलं आणि तळं एवढंसं की तेही फार लांब गेले असं म्हणता येणार नाही. नवरा सिप्रियानो पर्यटकांची गाडी चालवायचा. तो रोज बेटांच्या धक्क्यावर, रोज नास्काला. संध्याकाळी बूट काढता काढता तो सांगायचा आणि सोरायदा ऐकायची. "मला कधी नेणार?" असं तिने विचारलं की म्हणायचा, "अगं, वाळू नि दगड. त्यात काय बघायचंय? जाऊ की येत्या रविवारी." आणि रविवार म्हणजे तर तळ्यावर सगळ्यात जास्त गर्दीचा दिवस. असे किती येते रविवार आले नि गेले. सिप्रियानो वाईट माणूस नव्हता. एका दुपारी पोटभर जेवून खुर्चीत बसला आणि तसाच गेला, तोंडावर समाधान होतं. त्याची गाडी मागच्या अंगणात अंजिराच्या झाडाखाली उभी राहिली आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या.

सोरायदाची बाहेरची जी ओळख होती ती सगळी अशी ऐकीव. पण ऐकलेलं ती इतक्या झोकात सांगायची की हळूहळू तिला स्वतःलाच ते पाहिल्यासारखं वाटायला लागलं होतं.

मग तो मार्चमधला रविवार आला. द्राक्षांच्या जत्रेचे दिवस, तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नाही. आरेकिपाहून आलेल्या दोन वयस्क बहिणी, दोघींच्या डोक्याला सारखेच रुमाल, गर्दीतून वाट काढत थेट हातगाडीपाशी आल्या. सकाळी सोरायदानेच त्यांना काचिचेच्या सात डोक्यांच्या ताडाकडे पाठवलं होतं.

"बाई," थोरली म्हणाली, आणि आवाज असा की पलीकडचा आइस्क्रीमवालाही वळून बघायला लागला, "तुम्ही काय सांगितलं होतंत? सात डोकी आभाळाला भिडलीत म्हणून! आम्ही मान वर करकरून बघतोय. मान आखडली. झाड कुठाय?"

"तिथंच तर आहे," सोरायदा म्हणाली. "उंच, सरळ..."

"सरळ?" धाकटी ओरडली. "अहो, ते झाड जमिनीवर लोळतंय! सापासारखं! मी त्याच्यावर बसून घाम पुसत होते आणि हिला विचारत होते की ताड कुठे दिसतो का!"

मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि तळ्याकाठ जो हसत सुटला तो थांबेना. सगळ्यात मोठ्याने हसत होता निकानोर काहुआ. वाळूगाडीच्या चाकाला टेकून, पोट धरून.

निकानोर सिप्रियानोचा जुना दोस्त आणि येसेनियाचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या दिवसापासून तो सोरायदाला कोमाद्रे म्हणायचा आणि ती त्याला कोम्पाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाबहिणीइतकं सोवळं मानतात. त्याची बायको फार वर्षांपूर्वी गेली होती. माणूस मिशाळ, उन्हाने रापलेला, आणि तळ्यावरच्या सगळ्या गाडीवानांत बेफाम. त्याच्या गाडीत बसलेले लोक उतरताना आधी देवाचं नाव घेत आणि मग त्याला शिव्या देत.

"कोमाद्रे," डोळे पुसत तो म्हणाला, "खरं सांगा. तुम्ही तो ताड बघितलेलाच नाही ना?"

सोरायदा तेखांवरची वाळू फुंकायला लागली.

"आणि बेटं?"

तिने एप्रनला हात पुसले.

"नास्का? अहो, निदान हा मागचा डोंगर तरी? लहानपणी तरी चढला असाल!"

"लहानपणी मी बापाच्या होडीतलं पाणी उपसत होते," सोरायदा म्हणाली. "आणि मोठेपणी तुमच्या दोस्ताची वाट बघत होते. हसा, हसा, आणखी हसा."

पण हसता हसता निकानोर थांबला होता. "कोमाद्रे, मी तसं..."

सोरायदाने ऐकून घेतलं नाही. तिने दोन्ही बहिणींच्या हातात मूठ मूठ तेखा कोंबल्या, हातगाडीवर मेणकापड ओढलं, त्यावर दगड ठेवला, आणि भर रविवारी, भर गर्दीत, एप्रन सोडून तरातरा निकानोरच्या गाडीपाशी गेली. आत बसलेल्या एका फ्रेंच जोडप्याला तिने खुणेनेच सरकायला सांगितलं.

"चला," ती म्हणाली. "हा पाठीमागचा आधी. बाकीचं मग."

"कोमाद्रे, वय..."

"वय तुमचं काढू का कोम्पाद्रे? पट्टा कुठून बांधायचा ते सांगा."

निकानोरने स्वतः तिचा पट्टा बांधला. दोनदा ओढून बघितला. मग स्टिअरिंगचं चाक धरून बसला आणि मनाशी ठरवलं की आज सावकाश न्यायची. हे ठरवणं पहिल्या टेकाडापर्यंत टिकलं. कारण पहिल्या चढावर सोरायदा म्हणाली, "एवढंच? यासाठी लोक किंचाळतात?"

झालं. निकानोरने गाडी सोडली.

पुढे काय झालं ते सोरायदाला नीट सांगता यायचं नाही, आणि सांगताना दर वेळी तिचे हात हवेत जायचे. आभाळ खाली आलं आणि वाळू वर गेली. पोट मागे राहिलं, ते दोन टेकाडांनंतर येऊन भेटलं. एक चप्पल उडाली. तिने देवाला हाक मारली, मग आईला, मग अशा काही शिव्या दिल्या की चाक धरलेला निकानोर दचकला. मागे ते फ्रेंच जोडपं एकमेकांना मिठी मारून ओरडत होतं, आणि त्यांच्या सगळ्यांच्या वर, लख्ख आणि खणखणीत, सोरायदाचं हसणं. ती स्वतः एवढं हसू शकते हे तिला माहीत नव्हतं. कुठूनतरी आत साठून राहिलेलं ते सगळं एकदम वर आलं, थांबवलं तरी थांबेना.

सगळ्यात उंच टेकाडावर निकानोरने गाडी थांबवली. सोरायदा एका पायात चप्पल घालून खाली उतरली. समोर वाळूच्या लाटा पार क्षितिजापर्यंत. मागे ईका शहर, त्याच्या पलीकडे द्राक्षांचे हिरवे पट्टे. आणि खाली, अगदी पायाशी, तळं. कुणाच्या तरी हातातून आरसा पडावा तसं. काठावर एक ठिपका होता, मेणकापडाचा.

"ती माझी गाडी?" तिने विचारलं.

"तीच."

"अरे देवा. एवढीशीच जागा की हो. आणि मी समजत होते अख्खं वाकाचीना माझ्या जिवावर चाललंय."

परत येताना तिने फळीवर पोट टेकून घसरायचं ठरवलं. निकानोर नको नको म्हणत असताना ती गेलीसुद्धा. खाली वाळूत तोंड घालून थांबली, उठली, थुंकली, आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसांना म्हणाली, "जरा थांबा हं. मी तुमच्या आधीची आहे." आणि पुन्हा वर निघाली.

त्या संध्याकाळी घरी तिची थोरली बहीण पेत्रोनिला दारातच उभी होती. पेत्रोनिलाने लग्न केलं नव्हतं. लुरेनच्या येशूच्या देवळात फुलं वाहण्यात आणि सोरायदावर लक्ष ठेवण्यात तिचा दिवस जायचा. बातमी तिच्यापर्यंत सोरायदाच्या आधी पोचली होती.

"केसांत वाळू," पेत्रोनिला म्हणाली. "एक चप्पल. आणि कोम्पाद्रेच्या गाडीत, सगळ्या गावादेखत! वर संत बसलेत, ते बघतायत हं सोरा."

"बघू देत गं. ते बिचारेही कधी कुठे जात नाहीत."

पेत्रोनिलाने छातीवर क्रूस काढला आणि तिच्यासाठी पाणी गरम करायला ठेवलं.

सोमवारी तळ्यावर फार गिऱ्हाईक नसतं. सोरायदा निकानोरला घेऊन काचिचेला गेली. ताड खरंच जमिनीवर लोळत होता. खोड सापासारखं वळून वळून गेलेलं आणि जागोजागी त्यातून डोकं वर काढलेलं. सातवं डोकं वर आलं की ईका बुडणार, असं लोक म्हणतात, म्हणून ते उगवलं की कापतात. सोरायदा खोडावर बसली, ज्या जागी आरेकिपाची धाकटी बहीण बसली असेल बहुतेक त्याच जागी, आणि पुन्हा हसायला लागली.

"कोम्पाद्रे, मी माणसांना आभाळात बघायला लावत होते हो!"

"सोडा कोमाद्रे. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी वर बघितलं."

मग पुढच्या सोमवारी बेटं. धक्क्यावर टोप्या विकणारी दोमितिला भेटली. बुटकी, जाडजूड, बोलघेवडी. तिने सोरायदाच्या डोक्यावर टोपी बसवली आणि पढवल्यासारखं सांगायला लागली. "तिकडं गेलात ना बाई, की समुद्रसिंहांची पिल्लं आईला अशी हाक मारतात, अशी, की ऐकूनच रडू येतं. पेंग्विन तर एकेक..."

सोरायदा तिच्याकडे बघत राहिली. तो सूर तिच्या ओळखीचा होता.

"बाई," तिने हळूच विचारलं, "तुम्ही गेलाय का कधी?"

दोमितिलाने टोप्यांची चळत सरळ केली. मग तिने इकडेतिकडे बघितलं. "मी? टोप्या कोण बघणार मग?"

"टोप्या झाका. दगड ठेवा वर. चला."

"अहो, पण..."

"चला म्हणते ना! कोम्पाद्रे, यांचा हात धरा."

बोट सुटली तेव्हा दोमितिलाने डोळे गच्च मिटले होते. डोंगरावर कोरलेल्या त्या भल्यामोठ्या दीपमाळेच्या समोर बोट थांबली, तेव्हा सोरायदाने तिचा दंड चिमटला. "डोळे उघड गं! पन्नास हजार लोकांना हिच्याबद्दल सांगितलं असशील!" दोमितिलाने डोळे उघडले आणि ते नंतर मिटलेच नाहीत. समुद्रसिंहांची पिल्लं खरंच आईला हाका मारत होती. वास असा की दोघींनी नाकाला पदरासारखे रुमाल लावले. एका पक्ष्याने निकानोरच्या खांद्यावर नेमका प्रसाद टाकला आणि दोघी बायका हसता हसता एकमेकींच्या अंगावर पडल्या. बोटवाला म्हणाला, "मावशी, बसा खाली, बोट कलंडेल," तर दोमितिला म्हणाली, "कलंडू दे रे बाबा, वीस वर्षं धक्क्यावर उभी आहे, आता पोहायला काय हरकत आहे!"

परतताना दोघी ओल्याचिंब झाल्या होत्या. दोमितिला टोपी पिळत म्हणाली, "सोरा, नास्काला रेषा बघायच्या मनोऱ्याखाली एक बाई दगडावर त्याच रेषा कोरून विकते. माझी चुलतबहीण. ती मनोऱ्यावर चढलेली नाही."

"आणि द्राक्षांच्या मळ्याच्या दारात पानात वाफवलेले तामाले विकणारी?" सोरायदा म्हणाली. "आणि संग्रहालयासमोर मक्याची आंबवलेली चिचा विकणारी? ती आत गेली असेल का?"

दोघी बोटांवर अशा बायका मोजायला लागल्या.

त्या आठवड्यात अंजिराच्या झाडाखालच्या गाडीतून कोंबड्यांना हाकलण्यात आलं. निकानोरने दोन दिवस गाडीखाली पडून काढले. गाडी खोकली, थुंकली, आणि काळा धूर सोडत चालू झाली. शेजाऱ्यांच्या दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागले, पण कुणी तक्रार केली नाही, कारण शेजारीण स्वतःच पुढच्या सोमवारी गाडीत बसणार होती. आता दर सोमवारी गाडी निघायची. आत तामालेवाली, चिचावाली, दगडवाली, टोपीवाली, बसस्थानकावर पर्यटकांच्या बॅगा सांभाळणारी. सगळ्या आपापल्या ठिकाणच्या दारात जन्म काढलेल्या आणि उंबरा न ओलांडलेल्या. जिच्या ठिकाणी जायचं तीच त्या दिवशी सगळ्यांना दाखवणार, असा नियम केला. पण ठिकाण तिनेही पाहिलेलं नसायचं, त्यामुळे ती आधी छाती पुढे काढून सांगायला लागायची आणि आत गेल्यावर तिचंच तोंड उघडं पडायचं, आणि मग सगळ्या तिला बोलायच्या.

"अगं, तू तर म्हणाली होतीस ममीला सोन्याचे दात आहेत!"

"मला तसंच सांगितलं होतं!"

"कुणी?"

"तूच!"

संग्रहालयाचा रखवालदार त्यांना शांत राहायला सांगून सांगून दमला आणि शेवटी स्वतःच त्यांच्यामागून हिंडायला लागला.

पेत्रोनिला आली नाही. दर सोमवारी ती दारात उभी राहायची, निकानोर चाकापाशी आणि त्याच्या पाठीमागच्याच सीटवर सोरायदा बसलेली बघायची आणि आत जायची. लोक बोलायला लागले होते. कोमाद्रे आणि कोम्पाद्रे एकत्र हिंडले तर पाप, आणि त्याहून पुढे गेले तर विचारूच नका, असं जुनी माणसं सांगतात. सोरायदाला ते माहीत होतं. निकानोरलाही. म्हणून तो गाडीत फार बोलायचा नाही, फक्त आरशातून तिच्याकडे बघायचा आणि ती बघते आहे असं दिसलं की रस्त्याकडे बघायचा.

मग दारूच्या भट्टीला जायचा सोमवार आला. तिथे जुन्या पद्धतीने द्राक्षं तुडवतात आणि आलेल्या माणसांना पिस्को चाखायला देतात. त्या सकाळी पेत्रोनिला काळा झगा घालून, हातात जपमाळ घेऊन गाडीत येऊन बसली.

"कुणीतरी शुद्धीवर राहायला हवं," ती म्हणाली.

पहिला पेला तिने नाकापाशी नेऊन परत ठेवला. दुसरा ओठाला लावला. तिसऱ्याबद्दल ती म्हणाली की हा औषधी दिसतो. त्यानंतर कुणी लक्ष ठेवलं नाही. थोड्या वेळाने द्राक्षांच्या हौदातून भजनाचा आवाज आला. बघतात तर पेत्रोनिला झगा गुडघ्यापर्यंत खोचून द्राक्षं तुडवत होती, जपमाळ गळ्यात, आणि लुरेनच्या येशूचं गाणं अशा ठेक्यात म्हणत होती की भट्टीवाल्याने ढोलक काढला. सगळ्या बायका हौदात उतरल्या. द्राक्षांचा रस भिंतीपर्यंत उडाला.

आणि त्या गलक्यात पेत्रोनिला हौदाच्या काठावर हात टेकून निकानोरला म्हणाली, "काय रे ए मिशाळ! तू हिला विचारणार आहेस की नाही? का मी मेल्यावर?"

निकानोरच्या हातातला पेला खाली पडला.

"ताई!" सोरायदा किंचाळली.

"ताई काय ताई! मी फादरना विचारलंय. गेल्या शनिवारीच. ते म्हणाले, पोरीचा धर्मपिता आहे, पोरीशी लग्न करायला निघाला तर मला सांगा. आईला माझी हरकत नाही. मी फुलंसुद्धा ठरवून आलेय. आणि हा नुसता आरशात बघतोय!"

घरी जाताना पेत्रोनिला सोरायदाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. पुढे निकानोर गाडी इतक्या हळू चालवत होता की गाढवाच्या गाडीने त्यांना मागे टाकलं. पण तोंडातून एक शब्द काढला नाही त्याने. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. वाळूच्या कड्यावरून गाडी खाली सोडणारा हा माणूस, आणि एवढंसं विचारायला त्याचं पाऊल उचलेना.

सोरायदाच्या वाढदिवसाला लिमाहून येसेनियाचा फोन आला.

"आई, नास्काच्या विमानाची तिकिटं पाठवली आहेत. एक तुझं, एक धर्मपित्यांचं."

"त्यांचं कशाला?"

"आई, पेतामावशीने मला सगळं सांगितलंय. द्राक्षांसकट."

विमान म्हणजे एक मोठी माशीच होती. आत मोजकी माणसं, गुडघ्याला गुडघा. वैमानिक तरणाबांड, डोळ्यांवर काळा चष्मा. वर गेल्यावर त्याने विमान डावीकडे कलतं केलं, म्हणजे डावीकडच्यांना रेषा दिसाव्यात, मग तसंच उजवीकडे. सोरायदाचं नाक काचेला चिकटलं होतं. खाली तांबूस जमिनीवर, कुणी बोटाने काढावं तसं माकड. त्याची शेपटी चकलीसारखी गुंडाळलेली. सोरायदाने आयुष्यभर त्या शेपटीबद्दल सांगितलं होतं आणि तरी ती आता ओरडली, "चकली! कोम्पाद्रे, बघा, बघा!"

निकानोर बघत नव्हता. त्याचा चेहरा हिरवा पडला होता, मिशा लोंबत होत्या, आणि दोन्ही हातांनी त्याने कागदी पिशवी धरली होती.

"हे काय?" सोरायदा म्हणाली. "वाळूवर तर लोकांना उलटे टांगता!"

"तिथं..." निकानोर म्हणाला, "तिथं चाक माझ्या हातात असतं."

विमान पुन्हा कललं. त्याने पिशवीत तोंड घातलं. सोरायदाने त्याची पाठ चोळली, त्याच्या कपाळावर आपला गार हात ठेवला. इंजिनाचा आवाज एवढा की काहीही बोलायचं तर ओरडावं लागत होतं. म्हणून निकानोरने पिशवीतून तोंड बाहेर काढून जे म्हटलं ते सगळ्या विमानाने ऐकलं.

"सोरा!"

तिने दचकून बघितलं. इतक्या वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती.

"सोरा, मी मरणार बहुतेक! त्याच्या आधी विचारतो! माझ्याशी लग्न करशील का?"

समोरचे दोघे जर्मन वळून बघायला लागले. त्यांना भाषा कळली नसावी, पण बाकी सगळं कळलं. वैमानिकाने मान मागे वळवली.

"उजव्या हाताला आठ पायांचा कोळी आहे," तो ओरडला, "आणि मागच्या सीटवर मागणी! बाई, लवकर उत्तर द्या, तोवर मी आणखी एक फेरी मारतो!"

"आणखी फेरी नको!" निकानोर कळवळला.

सोरायदाला चक्कर येत होती. विमानाने येत होती की कशाने ते तिला कळत नव्हतं. खाली कोळी, वर आभाळ, मधे हा हिरवा पडलेला माणूस, आणि तिला पुन्हा तसंच हसू फुटलं, वाळूवर फुटलं होतं तसं, आतून, खालून, न थांबणारं.

"आधी तोंड पुसा!" ती ओरडली. आणि मग, त्याने तोंड पुसायच्या आतच, "हो! हो म्हणतेय! पिशवी सांभाळ!"

जर्मनांनी टाळ्या वाजवल्या. विमान उतरलं तेव्हा निकानोर जमिनीवर गुडघे टेकून बसला. लोकांना वाटलं देवाचे आभार मानतोय. तो खरं म्हणजे पाय परत यायची वाट बघत होता.

लग्न सोमवारी झालं, कारण सोमवारीच सगळ्या बायका मोकळ्या असत. फादर कुरकुरले, सोमवारी कोण लग्न करतं म्हणून, पण पेत्रोनिलाने देऊळ फुलांनी इतकं भरून टाकलं होतं की त्यांना वेदीपर्यंत जायला वाट शोधावी लागली. येसेनिया लिमाहून आली आणि आईला न ओळखून आधी दोमितिलाच्या गळ्यात पडली. आईने केस कापले होते, ओठ रंगवले होते आणि उन्हाने ती पार काळी कुळकुळीत झाली होती.

जेवण तळ्याकाठी झालं. सुक्या बटाट्याचा लाल रस्सा, त्यावर शेवया, सेमाचे मोठे दाणे, आणि भट्टीवाल्याने पाठवलेली पिंपं. तळ्यावर आलेल्या पर्यटकांना त्या दिवशी काहीच उघडं दिसेना. न वाळूगाडी, न आइस्क्रीम, न टोपी. बिचारे भांबावून उभे होते, म्हणून तामालेवालीने त्यांनाही पानावर बसवलं. ढोलकवाला बसला. आमच्या किनाऱ्याकडचा जो नाच आहे, ज्यात कमरेला स्वस्थ राहू द्यायचंच नाही असा नियम आहे, तो सुरू झाला. पेत्रोनिला पहिली उठली. तिच्या मागे दोमितिला. त्यांच्या मागे आलेल्या एका उंच गोऱ्या माणसाला कमर आहे की नाही यावर बायकांची पैज लागली.

सोरायदाने बूट काढून भिरकावले आणि गरम वाळूत अनवाणी उभी राहिली. निकानोरने हात पुढे केला.

"कोमाद्रे..." तो सवयीने म्हणाला आणि जीभ चावली.

"म्हण ना," सोरायदा म्हणाली, "पण आता आपल्या दोघांतच हं." आणि तिने त्याला असं गरकन फिरवलं की त्याच्या मिशा आडव्या झाल्या, डोळे पांढरे झाले, आणि तो तिच्या खांद्याला धरून ओरडला, "हळू, सोरा, हळू! इथंही चाक माझ्या हातात नाही!"